धार आणि वंगण

स्कीची घरच्या घरी देखभाल करायची म्हणजे मुळात दोनच कामं. कडेच्या पोलादी पट्टीला धार लावायची आणि तळाला मेण पाजायचं. धार कशासाठी, तर कडक बर्फावर वळताना कड रुतून राहावी म्हणून. मेण कशासाठी, तर तळ बर्फाला चिकटू नये म्हणून. एकाच फळीला कडेनं पकडायला लावायचं आणि तळानं सोडून द्यायला.

हे ज्ञान तुम्हाला बीड जिल्ह्यातला माणूस देतोय, याचं हसू येत असेल तर हसून घ्या. आमच्याकडं बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, रसवंतीवर आणि गारीगारवाल्याच्या पेटीत. माझं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस, आणि दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला रिकामं. माझे आईवडीलही वीस वर्षं जात होते. त्यामुळं स्कीच्या धारेबद्दल लिहायला बसलो की मी दोन परिच्छेदांत कोयत्यावर येतो. ते टाळायचा प्रयत्न या लेखात केलेला नाही.

कळसूबाईहून बुटका डोंगर

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, २०२२ पासून म्युनिकमध्ये. तिथं थंडी सुरू झाली की ऑफिसमधले निम्मे लोक गुरुवारपासूनच डोंगरातल्या हवामानाचं ॲप उघडून बसतात. टीममधल्या एकानं मला पहिल्यांदा ब्राउनेकला नेलं. म्युनिकहून लोकलसारख्या गाडीनं साधारण तासाभरात लेंगग्रीस नावाचं गाव येतं, त्याच्या डोक्यावर हा डोंगर. उंची १५५५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे उंचीत आपणच पुढं. पण कळसूबाई विषुववृत्तापासून १९ अंशांवर आणि ब्राउनेक ४७ अंशांवर, त्यामुळं आपल्याकडं करवंदं आणि त्यांच्याकडं बर्फ.

पहिला हंगाम भाड्याच्या स्कीवर काढला. दुसऱ्या वर्षी जुन्या बाजारातून साठ युरोला वापरलेली जोडी घेतली. कडा गंजलेल्या, तळ सुकून पांढुरका झालेला. दुकानात धार आणि मेण दोन्हीचे मिळून चाळीस युरो सांगितले. मी सवयीनं ९० नं गुणलं. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या डोक्यात हे गणित कायम चालूच असतं. साठ युरोच्या वस्तूला दर काही दिवसांनी चाळीस युरोची धार, हे काही पटेना.

रात्री व्हिडिओ कॉलवर आप्पांना सगळं दाखवलं. फोन कडेजवळ नेला. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आरं, ही तर नुसती धार हाय. हिला कानस मार की."

तिथून पुढं जे झालं ते बरंचसं त्यांच्या सल्ल्यानं झालं.

दोन अंश

स्कीच्या कडेला पोलादी पट्टी असते, जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. ती पूर्वी नव्हती. स्की नुसत्या लाकडाच्या असायच्या आणि कडक बर्फावर वळताना त्या सटकायच्या, कडा झिजायच्या. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर नावाच्या माणसानं लाकडाच्या कडेला पोलादाचे छोटे छोटे तुकडे स्क्रूनं बसवले आणि १९२६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. डोंगरउतारावरचं आजचं स्कीईंग त्या पट्टीवर उभं आहे.

या पट्टीचा तळाशी होणारा कोन बरोबर ९० अंश ठेवत नाहीत. साधारण ८८ अंश ठेवतात, म्हणजे बाजूची कड दोन अंशांनी आत झुकवायची. कोन जितका कमी तितकी कड जास्त चावते, पण तितकीच लवकर बोथट होते. आता नुसत्या हातानं कानस धरून दोन अंश राखणं अवघड. त्यासाठी दुकानात ॲल्युमिनियमचं गाईड मिळतं. चांगल्यापैकी किट घ्यायचं तर दीड-दोनशे युरो.

माझं गाईड बाभळीचं आहे. २०२४ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आप्पांनी करवत आणि रंधा घेऊन ते करून दिलं. इंग्रजी एल अक्षरासारखा ठोकळा. एक बाजू स्कीच्या तळाला चिकटून सरकते, दुसऱ्या बाजूखाली कानस बसते. नुसता ठोकळा काटकोनातला. दोन अंश आणायला मी बंद पडलेली दोन एटीएम कार्डं वापरली. एटीएम कार्डाची जाडी ठरलेली असते, ०.७६ मिलिमीटर. दोन कार्डं मिळून १.५२. तळापासून लांबच्या टोकाला, टेकूपासून ४३.५ मिलिमीटरवर ती कानस आणि लाकडाच्या मधे सरकवली की कानस बरोबर दोन अंश झुकते. अकरावीतली त्रिकोणमिती मला आयुष्यात पहिल्यांदा हाताला लागली.

आप्पांना हे गणित सांगितलं. ते म्हणाले, "कारडं कशाला, पाचर मार ना." त्यांचंही बरोबर होतं. पण त्यांना जे हातानं येतं ते मला कार्डं लावूनच येतं.

तळाच्या बाजूनंही एक अंश काढावा लागतो. त्यासाठी कानशीच्या एका टोकाला इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळतात आणि ते टोक तळावर टेकवतात. टेपचे सहा-सात वेढे म्हणजे साधारण एक मिलिमीटर. साठेक मिलिमीटर अंतरावर तेवढा उंचवटा दिला की एक अंश येतो. ही युक्ती माझी नाही. घरी स्की दुरुस्त करणारे लोक जगभर ती वापरतात.

घोडी

पण गाईडच्या आधी स्की घट्ट धरून ठेवायला काहीतरी लागतं. ती गुळगुळीत, लांब आणि मधे बूट अडकवायच्या खटल्यामुळं फुगीर. टेबलावर ठेवली की पळते. दुकानात यासाठी खास व्हाइस मिळतात.

आमच्या घरी कोयत्यासाठी आप्पांनी बनवलेली एक वस्तू होती, तिला आम्ही घोडी म्हणायचो. बाभळीचा गुडघ्याएवढा ओंडका, वरच्या तोंडाला करवतीनं पाडलेली खाच. कोयता पाठीकडून खाचेत बसवायचा, बाजूनं लाकडी पाचर ठोकायची. कोयता हलत नाही आणि दोन्ही हात कानशीला मोकळे राहतात. पाचरीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे पातं सरकत नाही.

म्युनिकच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक फ्लॅटला जाळीचा एक कप्पा असतो. माझ्या कप्प्यात आता दोन घोड्या आहेत, पाइनच्या लाकडाच्या, खाच पाडलेल्या, पाचरीसकट. स्की आडवी उभी करून दोन्हीत अडकवतो. स्कीचे ब्रेक, म्हणजे बूट निघाला की खाली पडून स्कीला थांबवणारे दोन दांडे, कामाच्या मधे येतात. ते वर बांधून ठेवायला सायकलची ट्यूब गोल कापून वापरतो. शेजारच्या कप्प्यातल्या आजोबांनी एकदा थांबून सगळा पसारा नीट बघितला आणि विचारलं, हे कुठून घेतलं? मी म्हटलं, वडिलांची डिझाइन आहे. त्यांनी मान डोलावली.

कानस चालवायची रीतही तीच. पुढं ढकलताना दाब, मागं येताना उचलायची. कानशीचे दात एकाच दिशेनं कापतात. मागं घासत आणली तर लोखंड खात नाही, दातच जातात. दातांत लोखंडाचा भुगा भरू नये म्हणून आधी खडू घासायचा. धार झाली की कडेवर राहिलेला बारीक काटेरी पापुद्रा निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, अलगद उतरवायचा. आणि शेवटी तपासणी: अंगठ्याचं नख कडेवरून आडवं ओढायचं. नखाची पांढरी भुकटी निघाली म्हणजे झालं. स्की दुरुस्त करणारे लोक हीच तपासणी करतात. आप्पांनी ती मला सात-आठ वर्षांचा असताना शिकवली होती.

अजून एक साम्य मला फार उशिरा लक्षात आलं. स्कीची अगदी पुढची आणि मागची टोकं मुद्दाम थोडी बोथट ठेवतात, नाहीतर ती नको तिथं अडकून माणूस पडतो. आप्पाही कोयत्याच्या मुठीजवळची दोन बोटं जागा बोथट ठेवायचे. अंधारात मोळी बांधताना मायचा हात तिथं जायचा, म्हणून.

मेण

धार समजायला सोपी आहे. मेण जरा फसवं आहे.

स्कीचा तळ एका प्रकारच्या घट्ट पॉलिथिनचा असतो. वरून गुळगुळीत दिसला तरी गरम केला की तो थोडं मेण धरून ठेवतो. म्हणून मेण नुसतं घासत नाहीत, इस्त्रीनं पाजतात. इस्त्रीच्या तापल्या तळाला मेणाची वडी टेकवायची, थेंब स्कीवर टपटप पाडायचे, मग इस्त्री न थांबता सावकाश फिरवायची. खास मेणाची इस्त्री महाग असते. मी जुन्या बाजारातली कपड्यांची इस्त्री घेतली, वाफेची भोकं नसलेली. कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान वरखाली होत राहतं, म्हणून सगळ्यात कमी आकड्यापासून सुरुवात करायची. मेण वितळलं पाहिजे, धूर येता कामा नये. साधारण १२० ते १४० अंश. एका जागी थांबलात तर तळच वितळतो.

थंड झाल्यावर यातलं बहुतेक मेण खरवडून काढायचं. नवख्या माणसाला हे पटत नाही, एवढं लावलं ते काढायचं कशाला? पण कामाचं मेण आतलं, वरचं ओझं. खरवडायला ॲक्रिलिकची पट्टी लागते. माझी पट्टी धारूरमधल्या रेडियमच्या दुकानातली आहे. गाड्यांच्या नंबरप्लेट करतात तिथं. उरलेल्या तुकड्यातून कापून दिली, पैसे घेतले नाहीत. तिच्या पाठीवर अजून अर्धा एमएच ४४ दिसतो.

मेण लावल्यावर स्की का घसरते याचं उत्तर शोधायला बाऊडन आणि ह्यूज हे दोन शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखच्या बर्फात जाऊन बसले होते. १९३९ मध्ये त्यांनी मांडलं की घर्षणाच्या उष्णतेनं बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो आणि स्की त्या पाण्यावरून सरकते. तळाला मेण असलं की ते पाणी तळाला धरून बसत नाही. म्हणून बर्फाच्या तापमानाप्रमाणं मेण बदलतात, कडाक्याच्या थंडीत कडक, ओलसर बर्फाला मऊ. देवघरातली मेणबत्ती चालते का, असं मला बहिणीनं विचारलं होतं. चालते, दोन-तीन फेऱ्यांपुरती.

काही वर्षांपूर्वीपर्यंत स्पर्धेतले लोक फ्लोरिन असलेली मेणं वापरायचे. ती भयंकर वेगवान, पण त्यातली रसायनं निसर्गात मोडत नाहीत, पाण्यात आणि शरीरात साठत राहतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४ च्या हंगामापासून ती स्पर्धेत पूर्ण बंद केली. मला त्यातली एक गोष्ट विचार करायला लावते. बर्फावर सेकंदाचा शंभरावा भाग वाचवणारा वेगळा होता आणि बंद खोलीत इस्त्री घेऊन त्या धुरात उभा राहणारा वेगळा.

घरगुती मेणाची परंपरा मात्र मजुरांचीच आहे. १८६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरात सोन्याच्या खाणीवर काम करणारे लोक हिवाळ्यात लांबच्या लांब लाकडी फळ्यांवर शर्यती लावायचे. व्हेल माशाचं मेण, झाडांची राळ, कापूर असं काय काय शिजवून ते आपापलं मिश्रण करायचे. त्याला ते डोप म्हणायचे आणि पाककृती शेजाऱ्यालाही सांगायचे नाहीत. बर्फामुळं खाणीचं काम बंद असलेल्या दिवसांत मजुरांनी काढलेला तो खेळ होता.

आमच्याकडं मेणाच्या जागी वंगण होतं. आजोबांच्या काळात लाकडी चाकाच्या आसाला एरंडेल लागायचं. आप्पांच्या काळात कारखान्याची टायरची गाडी आली, तिच्या बेअरिंगला ग्रीस. दीड-दोन टन ऊस भरलेली गाडी आणि दोन बैल. वंगण कमी पडलं की चाक कुरकुरतं. आप्पा म्हणायचे, चाक रडतं त्याच्याआधी बैल रडतो.

काट्यावर न चढणारं काम

ज्यांनी ऊसतोड जवळून बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो लोक पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पाडव्याच्या आसपास परततात. मुकादम आधी उचल देतो आणि हंगामभर ती ऊस तोडून फेडायची. मजुरी टनावर. या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं. एकट्या माणसाला अर्धा कोयता. स्कीची जोडी म्हणजे दोन फळ्या, हे मला दुकानदारानं समजावलं तेव्हा मला हे आठवलं होतं. आमच्याकडं हत्याराच्या नावानं माणसं मोजतात.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. त्यामुळं कोयता मातीत जातो, खड्यावर आपटतो, रोज बोथट होतो. हंगामाच्या आधी लोहाराकडं तो शेवटून आणायचा, म्हणजे तापवून, ठोकून पातं बारीक करायचं आणि पाणी द्यायचं. पण रोजची धार रोजच लावावी लागते. ती कधी? दिवसभर तोडणी, मग मोळ्या वाहणं, गाडी भरणं, कारखान्यावर नंबर लावणं. धार रात्री, कोपीसमोर, चुलीच्या उजेडात. किंवा पहाटे चारला. बोथट कोयत्यानं एका घावाचे दोन घाव होतात, आणि दिवसाला दीड-दोन टन म्हटल्यावर ते दुप्पट घाव खांद्यात जमा होतात. त्यामुळं कितीही दमलेलं असलं तरी धार चुकवता येत नाही.

या कामाचा मोबदला शून्य. मी हे तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगतोय. आमच्या क्षेत्रात मेंटेनन्स हा शब्द आला की त्यासोबत बजेट येतं. सर्व्हर अपडेट करायला तास धरलेले असतात, जुना कोड साफ करायचं तिकीट निघतं, त्याचे पैसे क्लायंटला लागतात. नवीन काहीही न बनवता नुसतं चालू ठेवण्याचे पैसे मिळतात, आणि ते योग्यच आहे. ऊसतोडीत कोयता मजुराचा, कानस मजुराची, धार लावायची रात्रही मजुराची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही टनावरच. काट्यावर ऊस चढतो. धार चढत नाही.

आणि कोयत्यापुरतंच हे नाही. एक दिवस काम चुकलं तर खाडा धरतात, पैसे कापतात. म्हणून आजारपण पुढं ढकलायचं असतं, पाडव्यापर्यंत. मायला पोटात दुखायचं. मी तेव्हा गावात आजीजवळ राहून सातवीत होतो. तीन हंगाम तिनं दुखणं तसंच नेलं. मग एका उन्हाळ्यात एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. काढली. ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती. दिवाळीनंतर ती परत तोडणीला गेली.

२०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर मोबाइलमध्ये बातमी वाचली आणि मायला फोन केला, पण त्याबद्दल बोललो नाही. पुढं पाच वर्षांनी, आप्पा माझं बाभळीचं गाईड रंधत होते तेव्हा तीच बोलली. सगळं बघत दारात बसली होती. म्हणाली, "कोयत्याला रोज रातच्याला टाइम भेटायचा. मला दवाखान्यात न्यायला पाडवा लागायचा." आप्पांचा रंधा थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. वस्तुस्थिती सांगितल्यासारखं सांगितलं आणि चहा टाकायला उठली.

तिला हवं ते वंगण त्या वीस वर्षांत कुणी दिलं नाही. आप्पांनीही नाही, पण आप्पांना तरी कुणी दिलं होतं?

पोचायचं कुठं

त्याच दिवाळीत मी घरच्यांना ब्राउनेकचा व्हिडिओ दाखवला होता. पाळण्यात बसून वर जाणारी माणसं, मग वळणं घेत खाली येणारी माणसं. आप्पांनी दोनदा बघितला.

"म्हंजी वर मशिनीनं जायाचं."

"हो."

"आन् खाली घसरत यायाचं."

"हो."

"परत वर?"

"परत वर. दिवसभर."

"मग पोचायचं कुठं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चुलतभावाची बायको, आमच्या वहिनी, आठ दिवसांनी तोडणीला निघणार होत्या. त्यांची मुलगी यंदापासून गावातल्या हंगामी वसतिगृहात राहणार होती. त्यांनी विचारलं, "ह्या घसरायचे पैसे कोण देतं, भावजी?"

"आपणच द्यायचे, वहिनी."

त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, बराच वेळ. मीही हसलो. हसण्यासारखंच आहे ते. मला बर्फावर घसरायला मनापासून आवडतं आणि ते मी सोडणार नाही. पण धार लावताना माझ्या हाताला जे कळतं ते ज्यांच्याकडून आलं, त्यांनी ते आवडीनं शिकलेलं नव्हतं.

वहिनींचे आणि भावाचे कोयते आप्पांनीच लावून दिले. मी घोडीजवळ बसून बघत होतो. मग सहज म्हणून फोन पात्याला टेकवला. कोन मोजायचं ॲप असतं. एका कोयत्याचा कोन बघितला, मग दुसऱ्याचा, मग भिंतीला लटकवलेल्या आमच्या जुन्या दोघांचा. चारही कोयत्यांमध्ये अंशा-दीड अंशाचाच फरक होता. मला दोन एटीएम कार्डं लावून जेवढं जमतं, जवळपास तेवढंच नेमकं, नुसत्या हातानं, वीस वर्षं, चुलीच्या उजेडात. मी आकडे दाखवले. आप्पांना विशेष काही वाटलं नाही. "हाताला कळतं," म्हणाले.

मग मी त्यांना म्युनिकच्या दुकानाचा भाव सांगितला. चाळीस युरो, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर. एका जोडीला. त्यांना ते खरं वाटेना. "धार लावायचे?" त्यांनी तीनदा विचारलं. दुकानात मशीन असतं, मेणही लावतात, तिथला पगार वेगळा, भाडं वेगळं, असं सगळं मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या डोक्यात वेगळंच काहीतरी चाललं होतं, ते मला वर्षभरानं कळलं.

२०२५ च्या दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. गावातले लोक हंगामाच्या आधी कोयते घेऊन त्यांच्याकडं येतातच, आप्पा लावून देतात, फार तर चहा होतो. यंदा एका टोळीचा मुकादमच आला होता. वीस कोयत्यांची टोळी, म्हणजे हातातले कोयते चाळीस. लावून द्या म्हणाला.

"मी म्हणलं, कोयत्याला वीस रुपये पडतील."

"मजुरांकडून?"

"मजुराकडनं कामून? त्याच्याकडनं. ऊस त्याच्या टोळीचा वाढणार हाय ना?"

"मग?"

"हसला. म्हणला आप्पा, धारेचे कुठं पैसे असत्यात व्हय. मी म्हणलं, असत्यात. जर्मनीत असत्यात."

चाळीस कोयत्यांचे आठशे झाले होते. मुकादमानं सहाशे दिले, दोनशे पुढच्या वेळी म्हणाला. आप्पांनी ते वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट. मायनं मागून ओरडून सांगितलं की सहाशेतले तीनशे तिनं काढून घेतलेत, चष्म्याचा नंबर तपासायला.